विश्लेषण : ब्लॉकचेन शिकावे, पण पाया कशाचा?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांच्या घरात सध्या एक प्रश्न चर्चेत असतो. ‘ब्लॉकचेन डेव्हलपर’ बनवणाऱ्या महागड्या कोर्सची फी भरावी, की नेहमीचे सॉफ्टवेअरच नीट शिकावे?

वेगळे काय आहे?

बिटकॉइन २००९ मध्ये सुरू झाले. पण प्रोग्रामरसाठी दार उघडले ते २०१५ मध्ये आलेल्या इथेरियममुळे. त्यावर ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’, म्हणजे अटी पूर्ण होताच आपोआप अमलात येणारा करार लिहिता येतो. त्यासाठीची सॉलिडिटी ही भाषा, जावा किंवा जावास्क्रिप्ट पक्के असणाऱ्याला फार जड जात नाही. जड जाते ती जबाबदारी. कारण एकदा साखळीवर चढलेला कोड सहजासहजी बदलता येत नाही.

चूक किती महागात पडते?

२०१६ मध्ये ‘द डाओ’ या निधीतून हल्लेखोराने सुमारे ३६ लाख इथर वळवले. शिल्लक कमी करण्याआधीच कोड पैसे पाठवत होता, त्यामुळे तेच पैसे पुन:पुन्हा काढता आले. कॅशियरने वहीत नोंद करण्याआधी रक्कम हातावर ठेवावी, तसाच हा प्रकार. आधी नोंद, मग पैसे, ही शिस्त सॉफ्टवेअरच्या पायाभूत शिक्षणातूनच येते.

नोकरीचे काय?

तेजीत या कौशल्याला चांगला भाव मिळतो, मंदीत पहिली कुऱ्हाडही इथेच पडते. जून २०२२ मध्ये कॉइनबेसने सुमारे १८ टक्के कर्मचारी कमी केले. नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स दिवाळखोरीत गेले. भारतात त्याच वर्षी आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला. उलट बँक, रुग्णालय, रेल्वे, किराणा पोहोचवणारे ॲप, सर्वांनाच सॉफ्टवेअर इंजिनीअर लागतात.

मग करावे काय?

ब्लॉकचेन टाकाऊ नाही. गडचिरोलीतील एटापल्लीत जातप्रमाणपत्रांसाठी या तंत्राचा वापर २०२२ मध्ये झाला. पण डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, नेटवर्क आणि टेस्टिंग आधी पक्के करावे. मग आवड असेल तर ब्लॉकचेनचा एखादा प्रकल्प स्वतः करून पाहावा. फी भरण्यापूर्वी क्लासला एकच विचारा : दोन वर्षांपूर्वीचे तुमचे किती विद्यार्थी आज याच क्षेत्रात आहेत? उत्तर गोलमोल आले, तर पैसे खिशातच राहू द्या.