शिवडीच्या रुग्णालयातील परिचारिकांचे संरक्षण कोण करणार?

दि. १६ जानेवारी २०२१ रोजी भारतात कोविड प्रतिबंधक लसीकरणास प्रारंभ झाला, तेव्हा पहिला मान डॉक्टर, परिचारिका व सफाई कामगार यांना देण्यात आला. रुग्णसेवा करणाऱ्यांचे आरोग्य सांभाळणे ही समाजाची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्या दिवशी सर्वांनी मान्य केले. मुंबईतील शिवडी येथील क्षयरोग रुग्णालयात मात्र हे तत्त्व पाळणे अधिक कठीण आहे, कारण प्रौढांना फुप्फुसाच्या क्षयापासून खात्रीने वाचवील अशी लस आजही उपलब्ध नाही.

महानगरपालिकेचे हे रुग्णालय सुमारे एक हजार खाटांचे असून आशियातील मोठ्या क्षयरोग रुग्णालयांत त्याची गणना होते. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्णही येथे उपचारासाठी येतात. येथे काम करणाऱ्या परिचारिका, कक्षसेवक व सफाई कामगार यांना क्षयाची लागण झाल्याच्या, तसेच काहींचा त्यात मृत्यू झाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून वेळोवेळी आल्या आहेत.

लहानपणी बीसीजी टोचलेली असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत, असा अनेकांचा समज असतो. ही लस बालकांना क्षयजन्य मेंदुज्वरासारख्या गंभीर प्रकारांपासून चांगले संरक्षण देते. म्हणून बाळांना ती अवश्य द्यावी. परंतु तामिळनाडूतील चिंगलपुट येथे १९६८ साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा उपयोग दिसून आला नाही. प्रौढांना पुन्हा बीसीजी देऊन पाहण्याचा अभ्यास भारतात २०२४ साली हाती घेण्यात आला, तर काही नव्या लसी अद्याप चाचणीच्या टप्प्यात आहेत. तोपर्यंत दंडावरील व्रणाच्या भरवशावर कोणालाही क्षयाच्या कक्षात पाठवता येणार नाही.

मग उपाय कोणता? हवेतून पसरणाऱ्या संसर्गाच्या नियंत्रणासाठी केंद्र शासनाने २०१० साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम व्यवस्थापन: खोकणाऱ्या रुग्णाला लवकर ओळखणे, वेगळे बसवणे, त्याची त्वरित तपासणी करणे. त्यानंतर हवा: कक्षात वारा खेळता ठेवणे. सर्वांत शेवटी एन-९५ मुखपट्टी. साधी कापडी किंवा शस्त्रक्रियेच्या वेळची मुखपट्टी रुग्णाने लावल्यास त्याचे थुंकीचे तुषार अडतात. परंतु ती परिचारिकेला हवेतील सूक्ष्म कणांपासून पुरेसे वाचवीत नाही.

प्रत्यक्षात हा क्रम अनेकदा उलटा होतो. मुखपट्टी हाती दिली की व्यवस्थापनाचे कर्तव्य संपले, असे मानले जाते आणि लागण झाल्यास कर्मचाऱ्याच्याच निष्काळजीपणाकडे बोट दाखवले जाते. परंतु आठ तास उकाड्यात घट्ट मुखपट्टी लावून काम करणाऱ्या परिचारिकेला कक्षाच्या खिडक्या मोठ्या करता येत नाहीत, खाटांमधील अंतर वाढवता येत नाही किंवा तपासणीचा अहवालही लवकर मागवता येत नाही. हे अधिकार प्रशासनाकडे असतात. शिवाय योग्य औषधे सुरू झाल्यावर रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने कमी होते. खरा धोका निदान न झालेल्या किंवा चुकीची औषधे घेत असलेल्या रुग्णाकडून असतो. म्हणजेच काही तासांत औषधरोधाची माहिती देणारी जनुकीय तपासणी जशी रुग्णाच्या हिताची, तशीच ती परिचारिकेच्या संरक्षणाचीही आहे.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांत परिचारिका आहेत. त्यांच्या सेवावृत्तीचा आपण गौरव करतो, तो योग्यच आहे. मात्र त्यागाची स्तुती करून सुरक्षेचा प्रश्न झाकला जाऊ नये. कायम असोत वा कंत्राटी, सर्व कर्मचाऱ्यांची नियमित तपासणी व्हावी; आजारपणात त्यांना भरपगारी रजा व लागण झाल्यास भरपाई मिळावी, ही मागणी आपण नागरिक म्हणून महानगरपालिकेकडे केली पाहिजे. आपल्या घरीही दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेल्या व्यक्तीने संकोच न बाळगता थुंकी तपासून घ्यावी. शासकीय केंद्रांत ही तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. वेळीच निदान झालेला प्रत्येक रुग्ण कक्षात येण्याआधीच तेथील परिचारिकेचा धोका कमी करीत असतो.