पुस्तकात काय आहे, ते आधी सांगा

गटात एखादे पुस्तक वाचायला घेताना त्यात कोणकोणते प्रसंग आहेत हे आधी सांगावे की नाही, यावर आम्हा कार्यकर्त्यांत मतभेद आहेत. सांगावे, असे माझे मत आहे.

विरोध करणाऱ्या मैत्रिणींचा मुद्दा क्षुल्लक नाही. बाईच्या हाती पुस्तक पडू नये म्हणून 'तिला झेपणार नाही' हेच कारण पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले. ज्या नगरात सावित्रीबाईंनी मिस फरार यांच्याकडे शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, तिथेच आपण पुन्हा बायांना 'जपून वाचा' म्हणायचे का, असे त्या विचारतात. शिवाय जिने सगळे भोगले आहे, तिला पुस्तकापासून काय जपायचे?

पण आमच्याकडचे वाचन कसे चालते ते पाहा. बचत गटाचे पैसे मोजून झाले की एकजण मोठ्याने वाचते, बाकीच्या ऐकतात. एकटी वाचणारी बाई पुस्तक मिटू शकते. गटात बसलेलीला ती सोय नाही. ती मध्येच उठली तर तिच्या घरात काय चालते ते साऱ्या आळीला कळते. शेजारी जाऊ बसलेली असते, कधी सासूसुद्धा. म्हणून हे आधीच्या बैठकीतच सांगावे. जिला ऐकायचे नाही ती त्या दिवशी खुरपणीचे निमित्त काढेल, आणि कोणी काही विचारणार नाही. बंदी घालणारा बाईच्या वतीने ठरवतो. आधी सांगितले तर ती स्वतः ठरवते.

आता सांगायचे काय? दया पवार आपल्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांच्या 'बलुतं'बद्दल (१९७८) सावध करणारे लोक भाषेबद्दल, शिव्यांबद्दल बोलतात. आमच्या बायांना शिव्यांचे नवल नाही. त्यांना हे सांगायला हवे की यात संशयावरून बायकोला टाकल्याची हकीकत आहे, आणि ती टाकणाऱ्यानेच सांगितली आहे. अकोल्याशेजारच्या संगमनेरात १९८८ साली परित्यक्तांची परिषद झाली. निशा शिवूरकरांनी 'लढा टिकवण्याचा' या पुस्तकात हा प्रश्न मांडला आहे. टाकलेली बाई आमच्या गटागटात आहे. तिने 'बलुतं' ऐकावेच, पण बेसावध ऐकू नये.

उलट 'स्मृतिचित्रे' कोणीही बिनधास्त सुचवते. लक्ष्मीबाई टिळक नगरला, राहुरीला राहिलेल्या, भाषा हसवणारी. पण त्या हसण्याआड मुलांचे मृत्यू आहेत, आणि १८९५ साली बायकोला न सांगता धर्म बदललेला नवरा आहे. जिचे मूल गेले आहे तिच्यासाठी हे पुस्तक 'बलुतं'हून जड जाऊ शकते. चांगल्या घरातले पुस्तक म्हणून ते निर्धोक ठरवणे मला पटत नाही.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) मला या सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. सासुरवासातून पळणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा घालणे, तिचे नाक कापणे, बाळंतिणीची उपासमार, असे सारे त्यात आहे. लेखिकेने हे लिखाण वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. स्वतःच्या नवऱ्याची मारहाण मात्र त्यांनी पुस्तकात घातली नाही. पुढे माया पंडितांना दिलेल्या मुलाखतीत त्याबद्दल त्या बोलल्या. किती सांगायचे, कधी, कोणापुढे, हे ठरवण्याचा हक्क लिहिणारीने स्वतःकडे ठेवला. ऐकणारीला तो का नसावा?

या पुस्तकाबाबत आणखी एक सूचना द्यावी लागते, आणि ती मराठा, माळी, वंजारी बायांना. वाचन चालू असताना बौद्ध बाईकडे वळून 'खरंच का गं असं होतं?' असे विचारायचे नाही. तिने साक्ष द्यायला बसायचे नसते. या जिल्ह्यात सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) घडले आहे. जातीवरच्या अत्याचाराचे वर्णन इथे कोणाला गोष्ट म्हणून ऐकू येत नाही. कोणाचा मुलगा आठवतो, कोणाला आपल्या घरातल्यांचे त्यावेळचे बोलणे आठवते. दोन्हीकडच्या बाया गप्प होतात, आणि ती शांतता फोडायची घाई कार्यकर्तीने करू नये.

मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) मी गटात वाचायला देत नाही. संसारातली मारहाण, नवऱ्याकडून आलेला गुप्तरोग हे ज्या मोकळेपणाने त्यात येते, ते एकटीने, स्वतःच्या वेगाने वाचावे. मागेल तिला घरी नेऊ द्यावे. आणि घरी न्यायचे म्हणजे ते नवऱ्याच्याही हाती पडू शकते, हेही सांगून द्यावे.

आम्ही आता प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवतो. ती पुस्तक आधी वाचलेल्या बाईने लिहायची, तिच्याच शब्दांत. 'हिंसाचार' असा मोघम शब्द चालत नाही. कोण कोणाला मारते ते लिहायचे, आणि साधारण कुठल्या भागात तेही. वाचता न येणाऱ्यांना ती आदल्या बैठकीत वाचून दाखवायची. इतर गटांनी अशा चिठ्ठ्या केल्या असतील, किंवा करून सोडून दिल्या असतील, तर का सोडल्या ते या अंकावरच्या प्रतिक्रियांत जरूर लिहावे.