गादी तोलूनच घ्या!

गादी ही वस्तू तोलूनच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हसू नका मंडळी! आपण वऱ्हाडातली माणसं. आपल्याकडे गादी नेहमी वजनावरच भरली गेली. गादीवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "गुरुजी, किती किलोची भराची?" रुई आपल्या डोळ्यांदेखत काट्यावर चढायची, मग पिंजण. लबाडी तिथेही होती, रुईत गिरणीचा कचरा मिसळणारे होतेच. पण निदान काटा समोर होता.

आता शहरातल्या दुकानात गादी विकतात ती इंचांवर, वर्षांवर आणि भीतीवर. सहा इंच जाडी, दहा वर्षांची वॉरंटी आणि "सर, या वयात मणक्याला जपायला हवं." हिच्या कमरेसाठी लेटेक्सची गादी पाहायला आम्ही सेमाडोहवरून घाट उतरून गेलो. किंमत तीस हजार. गादीचे वजन किती, असे विचारले तर विक्रेता माझ्याकडे पाहतच राहिला. दुकानात काटाच नव्हता!

तीस हजार म्हणजे किती? २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. म्हणजे जवळपास चार क्विंटल कापूस. कोरडवाहू एकराचे साधारण वर्षभराचे पीक एका गादीत! एवढे मोजताना वजन विचारायचे नाही?

"गुरुजी, कापसाच्या मुलुखातला माणूस रबरावर कशाला झोपतो?" असे काही मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण मेळघाटचा पाऊस त्यांनी पाहिलेला नाही. सिपना दुथडी वाहू लागली की आठवडेच्या आठवडे ऊन नसते. कापसाची गादी दमट होते, गोळे धरते, दोन-तीन वर्षांनी पुन्हा पिंजावी लागते. सत्तरीनंतर ती उचलून उन्हात कोण टाकणार? लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. तो फेसून, साच्यात ओतून, उष्णता देऊन घट्ट करतात. गादीला जी भोके दिसतात ती साच्यातल्या खिळ्यांची. माल चांगला असेल तर ही गादी साध्या फोमपेक्षा खूप जास्त वर्षे दबत नाही. माझे भांडण लेटेक्सशी नाही, तोलायला नकार देणाऱ्याशी आहे.

सातवीतले गणित करू. सहा फूट बाय पाच फूट, जाडी अर्धा फूट. घनफळ १५ घनफूट. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, म्हणून आपली गादी ०.४२५ घनमीटर. चांगल्या लेटेक्सची घनता घनमीटरला साधारण ७५ ते ८० किलो. गुणाकार करा... ३२ ते ३४ किलो. साध्या फोमची घनता ३० धरली तर तीच गादी १३ किलोच्या आत-बाहेर. तेव्हा 'लेटेक्स' म्हणून आणलेली गादी १९-२० किलो भरली, तर समजा की वर दोन इंच लेटेक्स आहे आणि खाली चार इंच फोम. तशी गादी वाईटच असते असे नाही, पण ती त्या किमतीत घ्यायची नाही. खोळीला चेन असेल तर उघडून थर पाहा.

वजनाने सगळेच कळते असे मात्र नाही. वजन वाढवायला चिकात खडूची पूड मिसळता येते आणि पेट्रोलियमपासून केलेले रबरही लेटेक्स म्हणूनच विकले जाते. म्हणून बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या : घनता, नैसर्गिक चिकाचे प्रमाण, लेटेक्सचे इंच. जो लिहून देत नाही त्याचा माल त्याच्याकडेच राहू द्या.

'ऑर्थो' हा शब्द छापायला कुणा डॉक्टरची सही लागत नाही. गादी जितकी कडक तितकी कमरेला चांगली, हा आपल्याकडचा जुना समज. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधल्या ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांचा अभ्यास आला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. तेव्हा दुकानात दहा मिनिटे कुशीवर पडून पाहा. लाज कसली? आणि वॉरंटीचा कागद वाचा. किती खोल खड्डा पडला तर बदलून मिळेल, हे त्यात बारीक अक्षरात असते. वॉरंटीची वर्षे म्हणजे गादीचे आयुष्य नव्हे.

एक सूचना खास आपल्या भागासाठी. गादी उन्हात टाकण्याची सवय लेटेक्सला मारक आहे. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना लावलेली रबरबँडे दोन उन्हाळ्यांत कशी तडकून तुटतात, ते कुठल्याही मास्तराला विचारा. लेटेक्सला सावलीतला वारा द्या आणि जमिनीवर अंथरू नका, फळ्यांमध्ये फटी असलेल्या पलंगावर ठेवा, नाहीतर खालून बुरशी धरते.

ज्यांच्याकडे ऊन आहे, अंगात जोर आहे आणि जवळपास पिंजणारा आहे, त्यांनी खुशाल कापसाची गादी भरावी. १५ किलो रुईला साधारण ४५ किलो कापूस लागतो. वरच्या हमीभावाने ३,४७० रुपये होतात. शिवाय ती पुन्हा पिंजता येते, लेटेक्सची येत नाही. ज्यांना लेटेक्स हवे त्यांनी ते घ्यावे, पण दुकानदाराला आधी काटा आणायला सांगावे. चार गिऱ्हाइकांनी मागितला की पाचव्यासाठी तो दुकानात असेल.