बिल संगणकावर, रुग्ण बाकड्यावर

रेवदंड्याच्या माणसाला मोठे दुखणे आले की अलिबाग, पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते. हल्ली पुष्कळ घरांत आरोग्य विम्याची पॉलिसी असते आणि ‘कॅशलेस’ हा शब्द सर्वांच्या तोंडी बसला आहे. तरीही डॉक्टरांनी सकाळी घरी जायला परवानगी द्यावी आणि विमा कंपनीची मंजुरी येईपर्यंत संध्याकाळ व्हावी, हा अनुभव अनेकांना येतो. मुक्काम वाढतो, खोलीचे भाडे वाढते, शेवटची एस.टी.ही निघून जाते. रुग्ण बरा झालेला असतो. अडलेला असतो तो कागद.

विमा क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या ‘इर्डा’ने २९ मे २०२४ रोजी यावर परिपत्रक काढले. कॅशलेस उपचारांची विनंती आल्यावर कंपनीने १ तासात निर्णय द्यावा आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी ३ तासांत द्यावी, असा हा नियम आहे. त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा आहे.

नियम चांगला आहे, पण माझ्या मते तो अर्धाच आहे. हे घड्याळ सुरू होते ते रुग्णालयाची विनंती कंपनीकडे पोहोचल्यावर. बिल तयार होण्यात गेलेले तास त्यात धरले जात नाहीत. शिवाय प्रत्येक रुग्णालयाच्या बिलाची मांडणी निराळी. एकाच शस्त्रक्रियेचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिले जाते. मग कंपनी शंका काढते आणि कागद पुन्हा फिरतो.

यासाठी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने ‘नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंज’ ही संगणकीय व्यवस्था उभारली आहे. रुग्णालय व विमा कंपनी यांनी एकाच ठरावीक नमुन्यात माहितीची देवाणघेवाण करावी, हा तिचा हेतू. परंतु असा नमुना सर्वांना बंधनकारक करणारा कायदा हवा. अमेरिकेने १९९६ साली ‘हिपा’ कायदा करून विम्याच्या संगणकीय व्यवहारांसाठी ठरावीक नमुने सक्तीचे केले. २००३ च्या ऑक्टोबरपासून ते लागू झाले. तरीही तिथल्या रुग्णाला आपले बिल उमगत नाही, ही तक्रार कायमच आहे. म्हणजे यंत्राला कळणारे बिल माणसालाही कळले पाहिजे.

आपल्याला हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. आज तीच महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. तिच्यात उपचारांचे संकेतांक व दर ठरलेले असतात आणि पूर्वमंजुरी संगणकावरून येते. गरिबांसाठी सुरू झालेल्या योजनेत जे होऊ शकते, ते हप्ते भरणाऱ्या विमेदाराच्या बाबतीत का होऊ नये?

म्हणून कायद्यात तीन गोष्टी याव्यात असे मला वाटते. सर्व रुग्णालयांना बिलाचा एकच नमुना सक्तीचा असावा. डॉक्टरांनी सोडल्यापासून बिल पाठवण्यापर्यंतच्या वेळेलाही मर्यादा असावी. आणि कंपनीला जे बिल जाते, त्याचीच प्रत मराठीतल्या तपशिलासह रुग्णाच्या हाती पडावी. लहान रुग्णालयांना संगणक व माणूस परवडत नाही, ही अडचण खरी आहे. त्यांना मुदत द्यावी, मदत द्यावी. सूट मात्र देऊ नये.

तोवर वाचकांनी एवढे करावे. बिल कंपनीकडे किती वाजता गेले, ते विचारून लिहून ठेवावे. बाबवार बिल मागून घ्यावे. दिरंगाई झाल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. तिथे शुल्क पडत नाही आणि वकीलही लागत नाही.