आजोबांची रायफल, नातवाचं लायसन्स

मिहानमधल्या दोस्तांना शुक्रवारी संध्याकाळी भेटलं की विषय ठरलेले. अप्रेझल, ऑनसाइट आणि वर्धा रोडचं ट्रॅफिक. परवा एकाने वेगळाच बार उडवला. ‘गावच्या घरी आजोबांची रायफल सापडली यार! काउबॉय पिक्चरमधली. खालची कडी ओढली की खटॅक्!’

मोबाइलवर फोटो दाखवला. विंचेस्टर, मॉडेल १८९५, बोअर .४०५. सोबत ड्रॉवरमधली पाच काडतुसं.

या ‘खटॅक्’ला म्हणतात लिव्हर अ‍ॅक्शन. कडी खाली ओढली की रिकामी पुंगळी बाहेर, वर घेतली की नवं काडतूस आत. १८७३ आणि १८९४च्या विंचेस्टरमध्ये काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत रेल्वेच्या डब्यांसारखी एकामागे एक बसायची. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं. टोक अणकुचीदार असेल तर दणक्याने आतच बार! म्हणून गोळ्या चपट्या टोकाच्या. जॉन ब्राउनिंगने १८९५च्या मॉडेलला पोटाशी पेटी दिली आणि मोठ्या, टोकदार काडतुसांची सोय झाली.

हेच .४०५ मॉडेल आपल्याकडे गाजलं ते बेंगळुरूच्या केनेथ अँडरसनमुळे. नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या मागे दक्षिणेतली जंगलं तुडवणारा आणि त्यांच्या गोष्टी लिहिणारा तोच हा शिकारी.

पण रायफल किती जगणार, हे काडतूस ठरवतं. विंचेस्टरने आधी ही रायफल बंद केली, पुढे काडतूसही. २००० नंतर अमेरिकेत दोन्ही परत आली. आपल्या सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी काढली ती प्रामुख्याने .३१५ आणि बारा बोअरची काडतुसं. खडकीचा ‘केएफ’ शिक्का असतो ना, तीच. म्हणजे ज्या नागपुरात अंबाझरीला पिनाक रॉकेटं बनतात, तिथे आजोबांची रायफल एका काडतुसासाठी मुकी!

आणि बोलून तरी काय करणार? ताडोबात शिकारीला १९३५ पासूनच बंदी, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर देशभर तो अध्याय मिटला.

मित्राचा प्लॅन सिंपल होता. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या वर रायफल. बॉस, इथेच थांबा! लायसन्स आजोबांचं होतं, ते वारशाने आपोआप मिळत नाही. मुकी असली तरी कायद्याच्या लेखी ती बंदूकच. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. ड्रॉवरमधल्या त्या पाच काडतुसांनाही परवाना लागतोच. ‘मला माहीतच नव्हतं’ हे कोर्टात चालत नाही.

मग करायचं काय? वेळ न घालवता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रायफल आणि काडतुसं जमा करायची, पावती घ्यायची. मग वारस म्हणून स्वतःच्या नावाने लायसन्सचा अर्ज. आता एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, तेव्हा घरात आणखी काही असेल तर तेही मोजा.

मित्राने तसंच केलं. बाबा जरा हळवे झाले म्हणे, पण पावती त्यांनीच जपून फाइलला लावली.

सोफ्याच्या वर सध्या आजोबांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. खांद्यावर तीच रायफल. त्याला लायसन्स लागत नाही!