शिक्षा संपली, मग दार बंद का?



आमच्या गावातल्या मराठी मंडळात मध्यंतरी ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) दाखवला. शांतारामांचा जेलर सहा खुन्यांना माळरानावर नेऊन शेती करायला लावतो आणि त्यांच्यापायी जीव देतो. अर्धा हॉल डोळे पुसत होता. या कथेमागे आपल्या औंध संस्थानातला खराखुरा प्रयोग आहे, हेही कुणीतरी सांगितले. 1939 च्या सुमारास आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत झाली. कल्पना पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन यांची, पाठबळ पंतप्रतिनिधींचे. सगळ्यांना अभिमान वाटला.

मग जेवणे सुरू झाली. स्वतःची छोटी कंपनी असलेले एक स्नेही म्हणाले, "परवा एक पोरगा जवळजवळ घेतलाच होता. बॅकग्राउंड चेकमध्ये जुनी केस निघाली. थोडक्यात वाचलो!" सगळ्यांनी माना डोलावल्या. तोच हॉल, तीच संध्याकाळ.

मी गप्प बसले, कारण बोलायला मला तोंड नव्हते. काही वर्षांपूर्वी माझ्या लॅबमध्ये काचसामान धुण्याच्या, बफर बनवण्याच्या कामासाठी एकवीस वर्षांचा मुलगा आला होता. कम्युनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होता, मुलाखत उत्तम झाली. सतराव्या वर्षी मित्रांबरोबर गाडी चोरली, प्रौढ म्हणून खटला चालला, शिक्षा भोगून आला. एचआरने फाइल परत पाठवली. मी एक फोन करून भांडू शकले असते. ग्रँटची डेडलाइन होती. मी केला नाही.

आपण आकडेवारीवर विश्वास ठेवणारी माणसे. मग आकडेवारी पाहू. समाजशास्त्रज्ञ डेवा पेजर यांनी मिलवॉकीत सारख्याच पात्रतेचे तरुण नोकरीसाठी पाठवले आणि 2003 साली निष्कर्ष छापले. गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्यांना 34 टक्के ठिकाणांहून पुढचे बोलावणे आले, नोंद असलेल्या गोऱ्यांना 17 टक्के. काळ्यांचे आकडे 14 आणि 5. म्हणजे निष्कलंक काळा तरुण तुरुंगातून आलेल्या गोऱ्याच्याही मागे! ‘आम्ही फक्त रेकॉर्ड बघतो’ म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा.

दुसरा अभ्यास सॅम्पसन आणि लॉब यांचा. बॉस्टनच्या सुधारगृहांतून गेलेल्या 500 मुलांच्या आयुष्याचा माग त्यांनी काढला, त्यातल्या काहींचा सत्तरीपर्यंत. बहुतेकांची गुन्हेगारी वयाबरोबर सुटली. सुटायला मदत कशाची झाली? स्थिर नोकरी, चांगला संसार, लष्करातली भरती. उपदेशापेक्षा सोमवारी सकाळी जायला एक ठिकाण असणे मोलाचे. लॉस एंजेलिसमध्ये फादर ग्रेग बॉयल यांनी 1988 साली सुरू केलेले काम, आजचे ‘होमबॉय इंडस्ट्रीज’, याच समजुतीवर चालते: टोळ्यांतून आलेली मुले तिथे शेजारीशेजारी पाव भाजतात.

"पण ज्याचे नुकसान झाले त्याचे काय?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणजे न्यायालयाने दिलेली शिक्षा, आणि ती भोगून झाली. त्यानंतर दार बंद ठेवल्याने जुन्या पीडिताला काही मिळत नाही, नवा पीडित मात्र तयार होऊ शकतो.

"आपली मुले असे करत नाहीत" हेही ऐकते. करतात. फरक इतकाच, की आपल्या उपनगरात प्रिन्सिपल आधी घरी फोन करतो आणि आपल्याला वकील परवडतो. तेही सगळ्यांना पुरेल असे नाही. ग्रीनकार्डवरच्या मुलाचा निकाल बालन्यायालयात लागला, तर इमिग्रेशन कायदा त्याला ‘कन्व्हिक्शन’ मानत नाही. प्रौढ न्यायालयात लागला तर मानतो, आणि देशाबाहेर काढण्याची वेळ येऊ शकते.

मे 2024 मध्ये पुण्याला कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनियर गेले आणि तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन झाला. संताप योग्यच होता. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. पण आपल्या इमेलांत मागणी काय होती? सोळा वर्षांच्या सगळ्यांनाच मोठ्यांच्या तुरुंगात घाला! ज्याच्या बापाकडे पैसा आहे, तो कडक कायद्यातूनही वाट काढेल. फटका बसेल तो झोपडपट्टीतल्या पोराला. भारताच्या 2015 च्या बालन्याय कायद्यात ‘नव्याने सुरुवात’ हे तत्त्व लिहिलेले आहे. ते मोडायला आपण निघालो होतो.

आपल्यापैकी कितीतरी जण आज नोकऱ्या देणारे आहेत. कॅलिफोर्नियात 2018 पासून, पाच किंवा जास्त माणसांच्या कंपनीला, अटींसह ऑफर देईपर्यंत सहसा गुन्ह्याबद्दल विचारता येत नाही. नंतर नाकारायचे असेल तर त्या माणसाचा स्वतंत्र विचार करून लेखी कळवावे लागते. आपल्या राज्यात असा कायदा असो वा नसो, इतके तर आपण स्वतःहून करू शकतो. फाइल परत आली तर विचारा: गुन्हा कोणता, किती वर्षांपूर्वीचा, या कामाशी त्याचा काय संबंध?

तो एक फोन करा. मी केला नव्हता.