जांघेतली गाठ आणि बदललेली किडनी

किडनी बदलून आलेल्या माणसाला वस्तीत सगळे दोनच गोष्टी विचारतात. गोळ्या चालू आहेत ना, आणि पाणी किती पितोस? जांघेत गाठ आली का, हे कुणी विचारत नाही. आली तरी पुरुषमाणूस लाजेने सांगत नाही. पट्टा बांधतो आणि कामावर जातो. ही लाज किडनी घालवू शकते. आणि ती किडनी बहुधा आईने नाहीतर बायकोने दिलेली असते.

नवी किडनी पाठीत बसवत नाहीत. ती ओटीपोटात एका बाजूला, जांघेच्या जरा वर बसवतात आणि तिची मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडतात. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतली फट. तिच्यातून सहसा आतडे उतरते. किडनी बदललेल्यांत क्वचित ही मूत्रवाहिनीच त्या फटीत उतरते आणि मुडपते, तेही कधी कधी प्रत्यारोपणानंतर कित्येक वर्षांनी. लघवी तुंबते, किडनी फुगते, क्रिएटिनिन वाढते. पण मुतखड्यासारखी कळ येत नाही, कारण बसवलेल्या किडनीचे वेदना कळवणारे तंतू तुटलेले असतात. क्रिएटिनिन वाढले की शरीराने किडनी नाकारली, हीच शंका आधी घेतली जाते. ती तपासावीच, पण गाठ असेल तर सोनोग्राफी जांघेचीही करा, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

यावर इलाज आहे. आधी पोटावरून किडनीत बारीक नळी घालून तुंबलेली लघवी बाहेर काढतात. मग शस्त्रक्रियेत मूत्रवाहिनी सोडवून आत घेतात आणि फट शिवतात किंवा जाळी लावतात. वाहिनी फार लांब किंवा खराब झालेली असेल, तर तेवढा भाग काढून ती पुन्हा मूत्राशयाला जोडतात.

‘हर्निया काय, साधे ऑपरेशन’ म्हणून हे जवळच्या छोट्या दवाखान्यात उरकू नये, असे माझे ठाम मत आहे. आत काय उतरले आहे हे ठाऊक नसेल तर मूत्रवाहिनीच कापली जाण्याचा धोका असतो. प्रत्यारोपणाचे किंवा मूत्ररोगाचे सर्जन जिथे आहेत तिथेच जा. आणि किडनी कोणत्या बाजूला बसवली, हे प्रत्येक रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्यायला हवे. इंग्रजी फाईल घरी ट्रंकेत पडून राहते.

प्रत्यारोपणाच्या काही गोळ्यांनी जखम सावकाश भरते. म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका. बदल त्या डॉक्टरांनाच करू द्या. आत स्टेंट ठेवला असेल तर तो काढायची तारीख लिहून घ्या, आणि खाडा पडतो म्हणून ती पुढे ढकलू नका.